चिंचेखालची ४५० एसएलसी : हळदोण्यात विक्रीला असलेली मर्सिडीज

जुनी गाडी बघायला जाण्याआधी मी विकणाऱ्याला एकच विनंती करतो. मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या दोन सेकंदांत जे सांगतं, ते नंतर दिवसभर सांगत नाही. गोव्यातल्या हळदोण्याला पोचलो, बॉनेटवर तळहात टेकवला, तर पत्रा कोमट. सकाळचे साडेनऊ, गाडी झाडाच्या सावलीत. एजंटने सकाळीच फिरवून गरम करून ठेवली होती. मी भाच्याला म्हटलं, आज नुसता पत्रा आणि कागद बघू, इंजिनसाठी उद्या उजाडताच येऊ.

भाचा बेळगावला हाडांचा डॉक्टर आहे. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे सांखळीला यायचा, तेव्हा मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये होतो. दिवसा ट्रकांची इंजिनं उघडायची आणि संध्याकाळी मालकांच्या गाड्या बघायच्या, त्यात मर्सिडीजच जास्त. तो माझ्या बाजूला पालथ्या डब्यावर बसून नटबोल्टचे पाने हातात द्यायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, वर्कशॉपही गेलं. तेव्हापासून ओळखीतल्या लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देतो. भाच्याने जाहिरात पाठवली आणि म्हणाला, "मामा, तू हो म्हणालास तरच मी पुढे जाईन." एवढी जबाबदारी अंगावर घेतल्यावर पाहिलं ते सगळं नीट लिहून ठेवणं आलंच. पुढेमागे अशी गाडी बघायला जाणाऱ्या दुसऱ्या कुणालाही त्याचा उपयोग होईल.

गाडी आहे मर्सिडीज-बेंझ ४५० एसएलसी, १९७८ ची. साडेचार लिटरचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, २१७ अश्वशक्ती, तीन गिअरचा ऑटोमॅटिक, स्टिअरिंग डावीकडे. १९७१ ते १९८१ या काळात एसएलसी सगळ्या प्रकारांत मिळून ६२,८८८ बनल्या, त्यातल्या ३१,७३९ ही ४५०. दोन माणसांची उघडी एसएल होती, तिच्याच सांगाड्यात चाकांमधलं अंतर ३६० मिलिमीटरने वाढवलं, वर पक्कं छप्पर बसवलं आणि मागे दोघांना खरोखर बसता येईल अशी सीट दिली. चार माणसं, त्यांचं सामान, नव्वद लिटरची टाकी आणि दिवसभराचा रस्ता, एवढ्यासाठी ही गाडी बनवली. दोन दारांची असली तरी मधे खांब नाही. चारही काचा खाली घेतल्या की बाजू अख्खी मोकळी होते. मागची काच पूर्ण खाली जावी म्हणून तिच्या मागच्या जागेत उभ्या पट्ट्यांची झडप बसवली आहे. पुष्कळांना ती आवडत नाही. मला फार आवडते. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात तशीच ती दिसते, आणि चिऱ्याच्या भिंतीशेजारी उभी असली की गाडी त्या घराचीच वाटते.

घर गाडी विकणाऱ्या आंटींचं. यजमान कुवेतला तेलाच्या कंपनीत होते. १९८६ च्या सुरुवातीला कायमचे परतले, तेव्हा टी. आर. वर, म्हणजे परदेशातून कायमचं परतणाऱ्याला सामान आणायची जी सवलत असते तिच्यावर, ही गाडी बोटीने मुंबईला आणली आणि तिथून स्वतः चालवत घरी. तेव्हा गोवा अजून घटक राज्य झालेलं नव्हतं, म्हणून नंबर जुन्या जीडी मालिकेचा, आणि तोच आजही आहे. आंटींनी बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीत बसवून चहा दिला, नारळाच्या बोलिन्यांची बशी पुढे केली आणि एक फोटो आणून दाखवला. त्याच वर्षी जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजीला जायला पुन्हा फेरीबोट आली. फोटोत ही गाडी बेतीच्या फेरीबोटीवर उभी आहे, चारी बाजूंनी स्कूटरी, आणि यजमान बॉनेटवर हात ठेवून उभे, कुणाचा हँडल लागू नये म्हणून. त्या फोटोत गाडीचा रंग फिका हिरवट-चंदेरी आहे. समोर उभी असलेली गाडी गडद निळी.

जाहिरातीत लिहिलं होतं, मूळ रंग, कुठेही गंज नाही, एकच मालक. तिसरी गोष्ट खरी निघाली.

बॉनेट उघडल्यावर आधी नंबर जुळवले. चासिसचा नंबर १०७०२४ ने सुरू होतो, म्हणजे ४५० एसएलसीच. पुढचा १ डाव्या स्टिअरिंगचा आणि २ ऑटोमॅटिकचा. इंजिनावरचा नंबर आर. सी. बुकाशी जुळला. पुढच्या पत्र्यावरच्या पट्टीवर रंगाचा आकडा ८६१, कंपनीच्या यादीत सिल्व्हर ग्रीन. डिकीतला गालिचा उचलला तर खाली तोच हिरवट रंग जसाच्या तसा, चकचकीत. मग फडक्यात गुंडाळलेलं चुंबक घेऊन गाडीभोवती फिरलो. छप्पर, दारं, बॉनेट, सगळीकडे चुंबक घट्ट धरतं. पुढच्या उजव्या मडगार्डच्या खालच्या वीतभर भागात आणि मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींवर ते घसरून पडलं. तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे, आणि चांगली जाड. रंगकाम फार जुनं नाही, रबराच्या कडेला निळ्याचा थेंब ओघळलेला दिसतो. आंटींना विचारलं, तर म्हणाल्या, एजंटच करून आणतो म्हणाला, विकायला सोपं जाईल. त्यांना यात दोष देण्यासारखं काहीच नाही. पण इतका सुंदर मूळ रंग झाकून टाकल्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता खरी जागा. एसएल आणि एसएलसी या दोन्ही गाड्यांचं दुखणं पुढच्या काचेच्या खाली असतं. बॉनेट आणि काच यांच्यामधे हवा आत घ्यायची जाळी आहे. पावसाचं पाणी तिच्यातून आतल्या पन्हाळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली निघून जातं. भोकं बुजली की पाणी तिथेच साचतं आणि आतून पत्रा खातं. जर्मनीत पानगळीत पानं अडकतात. इथे गाडी पंधरा वर्षं चिंचेच्या झाडाखाली उभी आहे. आंब्या-फणसाचं पान जाळीवरच अडकतं, हाताने उचलून टाकता येतं. चिंचेचं पान तांदळाएवढं, ते सरळ आत जातं.

मी आंटींकडे तांब्याभर पाणी मागितलं. भाच्याला उजव्या चाकाच्या मागे वाकून बघायला सांगितलं आणि जाळीच्या उजव्या टोकावर तांब्या ओतला. डावीकडे आधी ओतलं होतं, तिथून पाणी लगेच खाली जमिनीवर आलं, थोडं काळसर, पण आलं. उजवीकडे काही नाही. दहा आकडे मोजले, वीस मोजले. मग भाच्याने दार उघडून आतला गालिचा दाबला आणि हात वर करून दाखवला, बोटांवरून पाणी ओघळत होतं. मी वायरचा आकडा करून भोकात घातला. ओला गोळा बाहेर आला, हाताच्या मुठीएवढा, कुजलेल्या चिंचेच्या पानांचा. त्याला वास येत होता ओल्या चहाच्या चोथ्यासारखा, आणि त्यात गंजाचे पापुद्रे होते, नखाएवढे. ते पापुद्रे कागदावर काढून एजंटच्या समोर ठेवले. तो काही बोलला नाही.

एवढ्या पापुद्र्यांचा अर्थ असा की उजव्या बाजूच्या पत्र्याला भोक पडलेलं आहे. ते दुरुस्त करायचं तर डॅशबोर्ड आणि हीटरची पेटी पूर्ण काढावी लागते, त्याशिवाय वेल्डिंगचा हात पोचतच नाही. हे काम ज्याने आधी केलेलं आहे त्याच्याकडेच द्यावं. बाकी खालून गाडी माझ्या अपेक्षेपेक्षा बरी निघाली. ओळखीच्या गॅरेजच्या खड्ड्यावर नेऊन पाहिली. जॅक लावायच्या चार जागांपैकी एक मऊ, तीन ठणठणीत. पुढच्या सबफ्रेमला स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथे या गाड्यांत तडा जातो. घासून, बॅटरीच्या उजेडात बघितलं, तडा नाही. एवढं बघून मला धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेलो. या वेळी बॉनेट दवाने ओलं होतं. किल्ली फिरवली, मागून पंपाचा बारीक आवाज आला आणि अर्ध्या फेऱ्यात इंजिनाने पकड घेतली. साखळीचा खडखडाट एक सेकंद आला आणि तेल चढताच थांबला. टप्पेटचा आवाज नाही, धूर नाही. एक सेकंदाचा खडखडाट म्हणजे इंजिन वाईट असं नाही. या इंजिनात साखळी दुहेरी आणि दणकट आहे, पण तिला धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या उष्णतेने आणि वयाने ठिसूळ होतात. एक पट्टी तुटून साखळीत गेली तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं सगळं वरचं काम निघतं. त्या पट्ट्या आणि साखळी ताणून धरणारा टेन्शनर गाडी घेतल्या घेतल्या बदलायचे, त्याआधी लांब जायचं नाही, हे मी भाच्याला तिथेच सांगितलं.

विमा चालू आहे हे बघितलं आणि आंटींच्या पुतण्याला मागे बसवून निघालो. खोर्जुव्याचा पूल, डिचोली, सांखळी, केरी आणि पुढे चोर्ला घाट. गणपतीची चवथ नुकतीच आटोपलेली, रस्ता ओला, ठिकठिकाणी लाल चिखल. डिचोलीपर्यंत मी चालवली. पहिल्या दहा मिनिटांत कळतं की या गाडीला घाई नाही. स्टिअरिंग मोठं, जरा संथ, पण सरळ रस्त्यावर दोन बोटांनी धरली तरी रेषा सोडत नाही. खड्ड्यात चाक गेलं तर आवाज येतो, धक्का आत पोचत नाही. पुढे बस असली की डावीकडे बसून ओव्हरटेक कठीण, शेजारच्याने बघून सांगावं लागतं. ही सवय करून घ्यायची गोष्ट आहे, आणि घाईच्या माणसाने ती करूच नये. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतले सिग्नल दिवे असणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे बंधनकारक आहे. उजवा मागचा दिवा मधेच बंद पडत होता, होल्डरला गंज. तोही यादीत घेतला.

केरीच्या नाक्यानंतर भाच्याच्या हातात दिली. घाट सुरू झाल्यावर मी म्हटलं, गिअर डी वरून एस वर घे. दुसऱ्या गिअरला इंजिन रेंगाळत नाही आणि उगाच ओरडतही नाही. अंजुण्याचं धरण खाली दिसू लागलं तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हतं. वळणावर गाडी थोडी कलते, मग टेकते आणि टेकून राहते. त्या क्षणी भाच्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला कळलं की आता किंमत ठरवण्याचं काम माझ्याकडेच राहणार. तापमानाचा काटा मधोमध होता, वर चढला नाही. ब्रेक सरळ लागतात. एसी नुसती हवा देतो, गार करत नाही.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो, वीस मिनिटं. हे थांबणं मुद्दाम होतं. परत सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पकडत नाही. पुतण्या घाबरला. आठ-दहा सेकंद फिरवत ठेवल्यावर सुरू झालं. बॉशच्या के-जेट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनमधली ही ओळखीची खूण आहे. इंजिन बंद केल्यावर पेट्रोलचा दाब धरून ठेवायला पंपाजवळ एक अॅक्युम्युलेटर असतो. तो गेला की दाब उतरतो, गरम इंजिनाशेजारच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि ती बाहेर पडेपर्यंत गाडी सुरू होत नाही. भाग बदलला की प्रश्न मिटतो. ज्याला हे ठाऊक नाही तो आधी बॅटरी बदलतो, मग सेल्फ, मग प्लग, आणि शेवटी गाडीच विकून टाकतो.

पेट्रोलचा विषय आलाच आहे तर. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या गाडीच्या रबरी नळ्या त्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, आणि पत्र्याच्या टाकीत असं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं तर ते हवेतली ओल ओढून घेतं. गोव्यात ओलीला तोटा नाही. नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल चालेल अशा टाकायच्या, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी तीस-चाळीस किलोमीटर चालवायची. नुसतं जागेवर सुरू करून बंद करणं नाही, त्याने सायलेन्सरमध्ये पाणीच साचतं. अॅव्हरेज पाच-सहाच्या वर धरू नये.

खाली उतरल्यावर एक गोष्ट भाच्याला दाखवली, कारण आदल्या दिवशी तो म्हणाला होता की ही फक्त मिरवायची गाडी. मागच्या दिव्यांना आडव्या खोल खाचा आहेत. गाडीचा मागचा सगळा पत्रा लाल चिखलाने माखलेला, दिव्यांच्या उंचवट्यांवरही चिखल, पण खाचांच्या आतली काच स्वच्छ. मागून येणाऱ्याला दिवा दिसत राहावा म्हणूनच त्या तशा केल्या. आणि चिखलातली ही गाडी म्हणाल तर १९७८ ला दक्षिण अमेरिकेच्या भोवती जवळजवळ तीस हजार किलोमीटरची शर्यत अँड्र्यू कोवनने ४५० एसएलसीमधूनच जिंकली. पुढच्या वर्षी आयव्हरी कोस्टच्या बंदामा रॅलीत हन्नू मिक्कोला पाच लिटरची एसएलसी घेऊन पहिला आला. तिथले रस्ते फोटोत पाहिले की आमचे खाणीचे रस्ते आठवतात, तीच लाल धूळ, तोच चिखल.

आतलं थोडक्यात. सीटचं कापड नीट, ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग बसलेली. डॅशबोर्डला एक चीर. लाकूड उन्हाने फिकं पडलंय. एका किल्लीने सगळी दारं बंद होतात, ती सोय इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालते. डावं दार ऐकतं, उजवं नाही. रेडिओ बेकरचा, मूळचा, वाजत नाही. टायरवरचा आकडा १९११, म्हणजे २०११ च्या एकोणिसाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण रबर दगड झालंय. पाचही टाकून द्यायचे.

कागदांत मात्र वेळ जाणार आहे. कस्टम्सची बिल ऑफ एंट्री आंटींनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे, आणि आयात गाडीत तो कागद इंजिनाइतकाच महत्त्वाचा. पण आर. सी. अजून यजमानांच्या नावावर आहे. गोव्याच्या कायद्याने अर्धा वाटा आंटींचा स्वतःचाच आणि उरलेल्या अर्ध्यात मुलांचा हक्क. एक मुलगा इंग्लंडात स्विंडनला, मुलगी लिस्बनला. त्यांची संमती आणि वारसाचे कागद झाल्यावर फॉर्म ३१ भरून गाडी आधी आंटींच्या नावावर यायला हवी, मगच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. बेळगावला न्यायची तर फॉर्म २८ ची एन. ओ. सी. आणि कर्नाटकचा कर वेगळा. एजंट म्हणत होता, आत्ता सह्या घेऊन पैसे द्या, कागद मागाहून होतील. असं करू नये. आंटींच्या दृष्टीनेही करू नये. मी त्यांना बाजूला घेऊन तेच सांगितलं.

एजंटचं आणखी एक म्हणणं होतं की २०२८ मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतील, मग व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळेल आणि भाव चढेल. तशी नोंदणी २०२१ पासून होते, वीस हजार रुपये फी आहे, हे बरोबर. पण त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. भाच्याला ती महिन्यातून दोनदा चोर्ल्यावरून आणायची आहे. त्याने जीडीचाच नंबर ठेवावा.

मागणी ३८ लाखांची आहे. मी कागदावर मांडलं. पुढच्या पत्र्याचं काम, एक जॅकिंग पॉइंट, कमानी, साखळीच्या पट्ट्या, पेट्रोलच्या नळ्या, अॅक्युम्युलेटर, टायर, एसी. माझ्या अंदाजाने नऊ लाखांच्या आसपास, आणि मूळ हिरवा रंग परत चढवायचा तर त्यावर आणखी. इंजिन, गिअर आणि सबफ्रेम चांगली, नंबर जुळतात, एकच घर, म्हणून गाडी घ्यावी असंच माझं मत आहे. २६ ला घ्यावी, फार तर २७. त्याच्या वर गेला तर मी त्याला थांबवणार.

निघताना आंटी म्हणाल्या, "पावसांत ती केन्नाच भायर काडूंक ना. तांकां आवडनाशिल्लें." पावसात गाडी बाहेर काढलेली यजमानांना आवडत नव्हती, म्हणून आंटींनी पंधरा वर्षं ते पाळलं. पाऊस मात्र गाडीवर रोज पडत होता, चिंचेतून गाळून. मी त्यांना काही बोललो नाही. पुतण्याला बरोबर घेतलं, दोघांनी ढकलून गाडी झाडाखालून काढली, मागच्या पडवीत मंगलोरी कौलांखाली आणली आणि जाळीवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटपट्टीने लावून दिला. मुलांचे कागद यायला दोन महिने लागतील. तोवर ती भाच्याची होवो न होवो, उजव्या बाजूचं भोक मी महिन्यातून एकदा जाऊन साफ करणार आहे.